सदर ते कार निकोबार: आधी फोन, मग पोतं
हे नागपूरच्या सदर भागातलं चर्चचं आवार, डिसेंबर 2004 संपता संपता हॅन्डीकॅमवर घेतलेलं शूटिंग, नाताळचा तारा दारावर तसाच आहे बघा. 26 तारखेला रविवार होता, सकाळची उपासना आटोपून लोकं घरी गेले अन् टीव्हीवर त्सुनामीच्या बातम्या सुरू. सुमात्राजवळ समुद्राखाली 9.1 चा भूकंप झालेला. अन् कार निकोबार म्हणजे अंदमान-निकोबारमधलं सपाट बेट, पळून चढायला डोंगरच नाही.

नागपुरात थंडीचे दिवस, म्हणून लोकांनी मनापासून काय आणून दिलं, तर स्वेटर, रजया, ब्लँकेट. भिंतीला लागलेली ही थप्पी त्याचीच. पाळकसाहेबांनी घरोघरी जाऊन समजावलं की तिकडे बारा महिने दमट गरमी, रजई कोण घेईल? मग पोर्ट ब्लेअरच्या ओळखीच्या पाळकांना फोन लावला, तिकडून यादी आली: कोयते, करवती, हातोडे, खिळे, दोर, ताडपत्री. निकोबारी लोकं आपलं घर आपल्याच हातानं बांधतात, त्यांना अवजार पाहिजे होतं, अन् ही साधी गोष्ट किती जणांना सुचली असेल सांगा!

आता हे नीट बघा. महिला संघाच्या मावश्या दाभणानं पोती शिवून राहिल्या. कोयत्याच्या पात्याला आधी तेल, मग जुन्या धोतराचा फडका, मग वर्तमानपत्र, मग सुतळी, कारण खारी हवा लागली की लोखंड लगेच गंजते.

रेल्वेनं चेन्नई, तिथून तीनेक दिवस जहाजानं पोर्ट ब्लेअर, पुढं परत जहाज. आदिवासींसाठी राखीव बेट आहे, पास असल्याशिवाय जाता येत नाही, अन् तो नियम योग्यच आहे. तरुण संघाच्या मोजक्याच पोरांना पास मिळाला.

(इथे निवेदन नाही. किनाऱ्याची दृश्यं.)

तिथं गावप्रमुखाला कॅप्टन म्हणतात, वाटप त्यांच्याच सांगण्यावरून झालं. हे बघा, सुतळी सुटली नाही की लाकूड तासणं सुरू. बायबल निकोबारी भाषेत आणणारे बिशप जॉन रिचर्डसन याच बेटाचे, पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे खासदारही तेच, तेव्हा विश्वास शिकवायला कोणी गेलं नव्हतं, आमची पोरं हात लावायला गेली होती.

पुढं पत्र्याच्या तात्पुरत्या शेड मिळाल्या, उन्हात तापायच्या, पक्क्या घरांना वर्षं गेली, नारळाच्या बागा नव्यानं लावाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला काय पाठवू म्हणून परत फोन केला, तर कॅप्टन म्हणाले जाळी अन् गळ द्या. तेच पाठवलं.