चारशे एकोणतीस कोटींची एक संख्या

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. आजची संख्या नुसती ऐकून लक्षात राहायची नाही. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. लिहिलीत? ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात, अधिक एक.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर द फर्मा नावाचे न्यायाधीश होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. दोनापासून सुरुवात करा, दर पायरीला वर्ग करत चला: २, ४, १६, २५६, ६५,५३६. आता या प्रत्येकात एक मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्मांना ठामपणे वाटे. सिद्धता मात्र हाती नव्हती, आणि पत्रांतून त्यांनी ते कबूलही केलं होतं. पुढची संख्या म्हणजे तुम्ही आत्ता लिहिलेली.

१७२९ साली गणितज्ञ गोल्डबाख यांनी पत्रातून हा प्रश्न दुसरे गणितज्ञ ऑयलर यांच्यापुढे टाकला. १७३२ मध्ये ऑयलर यांनी सांगून टाकलं: हिला ६४१ ने निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

सरळ भागत बसायचं तर ६४१ पर्यंत पोचायला शंभराहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण हिचा मूळ भाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागून बाकी १ उरायलाच हवी, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केलं. मग उरतात कोण? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा ६४१. बस्स!

इथे फळा नाही, तरी पडताळा करूच. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. ६४१ ने भागताना ६४० ची किंमत उणे एक. चौथा घात केला की ती होते अधिक एक. म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, बाकी एक. आता गंमत पाहा, ६२५ अधिक १६ पुन्हा ६४१ च! तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजे उणे दोनाचा चौथा घात, चालतो. चार आणि अठ्ठावीस, बत्तीस. उणे दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी एक, म्हणून त्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. मला तरी हे भागाकार करून पाहण्यापेक्षा फार देखणं वाटतं.

आता आपल्या संख्येतून दोन वजा करा. येणारी ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या म्हणजे त्या पहिल्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. १७९६ मध्ये तरुण गणितज्ञ गाउस यांना १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासाने काढता येतो, हे उमगलं. बाजूंची संख्या फर्मांच्या मालिकेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली की असा बहुभुज काढता येतो; त्या नियमाने इतक्या, म्हणजे चारशे एकोणतीस कोटींहून अधिक बाजूंचाही तत्त्वतः काढता येतो. विषम बाजूंच्या अशा बहुभुजांत याहून मोठा आजवर माहीत नाही, कारण ६५,५३७ नंतर फर्मांच्या मालिकेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही.