लाडू संपले

(औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय. ‘एकाकीपणाच्या काळात उद्योजकाचं नेतृत्व.’ तो माझा नाही. मी म्हटलं होतं, चहावर बोलतो. संयोजक म्हणाले, चहावर लोक येत नाहीत. चहाला येतात, हे मागच्या रांगेकडे बघून कळतंच आहे.

एकटेपणा आता सरकारी विषय झालाय. ब्रिटनने २०१८ साली त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो, जगात सहा माणसांत एकाला एकटं वाटतं. आमच्या कारखान्यात माणसं एकशेवीस. सवयीने भागाकार केला, वीस आले. हे वीस कोण, ते मात्र सांगता येईना. कुठलं मशीन किती मिनिटं बंद होतं, हे मला मोबाईलवर दिसतं.

आता ती गोष्ट. पूर्वी आमच्याकडे दहा-दहाला चहा यायचा. किटलीवाले काका मशीन टू मशीन फिरायचे. किटलीबरोबर बातम्याही फिरायच्या. कुणाची पोरगी बारावी झाली, कुणाची आई ऑक्सिजनवर आहे, कुणाच्या बुलेटचा हप्ता थकलाय. सुट्टी दहा मिनिटांची, पण मी घड्याळ लावून बसलो तर अठरा निघाली. आठ मिनिटं गुणिले एकशेवीस, म्हणजे नऊशेसाठ मिनिटं. सोळा तास! रोज दोन माणसांचा पगार पाण्यात. चहात म्हणा हवं तर. (हसताय, पण इथल्या निम्म्या लोकांनी हाच गुणाकार केलाय.) मी चार कोपऱ्यांत चार व्हेंडिंग मशीन बसवली. काका गावी गेले. ऑडिटला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली.

वर्षभराने आमच्या एका सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरची चौदा दिवसांची रजा पोर्टलवर आली. कारण: वैयक्तिक. मी सिग्नलला थांबलो होतो, अंगठा दाबला, मंजूर. पंधराव्या दिवशी हा डोकं तुळतुळीत करून हजर. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, “काय रे, तिरुपती? लाडू कुठंय?”

तो म्हणाला, “संपले.”

आणि जॉब लावून कामाला लागला. पुढे तीन आठवड्यांनी एचआरकडे त्याचा अर्ज आला की मेडिक्लेमच्या यादीतून वडिलांचं नाव काढा. तेव्हा आम्हाला कळलं. नऊ वर्षं आमच्याकडे आहे तो. लाडू मागणारा पोरगा माझ्या केबिनमध्ये येऊन रडला. त्याची काय चूक? आमच्याकडे कुणी गेलं तर शिफ्ट संपल्यावर टेम्पो करून दहाजण दारावर जाऊन यायचे. पण बातमी आणायची कुणी? व्हेंडिंग मशीनने?

अशा वेळी किर्लोस्करवाडी आठवते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना घेऊन बेळगावातून बाहेर पडावं लागलं. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, निवडुंगाचं आणि सापांचं. तिथे कारखान्याबरोबर वस्ती वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. शिवाशिव पाळायची नाही, हा वाडीचा दंडक. १९२० साली निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ सुरुवातीला कारखान्याचंच वार्तापत्र होतं. म्हणजे खबर लागत होती! मी काही जुने दिवस आळवत नाही हं. मालकाच्या वस्तीत राहायचं म्हणजे दिवसा त्याच्याशी भांडून रात्री त्याच्याच छपराखाली झोपायचं, ते मलाही नको. पण लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराला शेतकरी हात लावायला तयार नव्हते, तेव्हाही त्या माणसाला—

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. म्हणजे मूळ विषय आता सुरू.

झटपट सांगतो. माणसं जोडायचे ‘उपक्रम’ करू नका. आम्ही रिसॉर्टला नेलं, रस्सीखेच ठेवली. डिझाइनवाले डिझाइनवाल्यांशेजारीच जेवले. गिरणगावात खाणावळी, भजनी मंडळं, तालमी मालकांनी काढल्या नव्हत्या. लोकांनी त्या गिरणीबाहेर आपापल्या उभ्या केल्या. आपण फक्त वाट अडवायची नाही. म्हणजे ती आठ मिनिटं कापायची नाहीत. पाळ्या अशा लावायच्या की दोन पाळ्यांची दहा मिनिटं तरी गाठ पडेल. रजेच्या अर्जावर अंगठा दाबण्याआधी सुपरवायझरने एक फोन करायचा. आणि मालकाने ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. रोज. फोटोग्राफर न आणता.

आम्ही मशीन काढली. किटली परत आली, काका नाही आले. नवीन पोरगा आहे, कानात हेडफोन घालून चहा देतो. त्याच्याशी बोलतोय मी.

एक अजून जमलेलं नाही, तेही सांगून टाकतो. खंडेनवमीला आम्ही बायकापोरांना बोलावतो. मशीनला झेंडूचे हार, पेढे, पोरं बापाचं मशीन बघतात. गेल्या वर्षी एक सातआठ वर्षांची मुलगी गेटच्या बाहेर बापाचं बोट धरून उभी दिसली. बाप कंत्राटी होता. पेढ्यांची ऑर्डर पटावरच्या संख्येवर जाते आणि आमच्या पटावर तो नाही. पस्तीस माणसं आहेत अशी. ठेकेदार म्हणतो, त्यांना आत घेतलंत तर उद्या कायम करा म्हणतील. माझा वकीलही तेच म्हणतो. खंडेनवमी दीड महिन्यावर आलीय. तुमच्यापैकी कुणी यातून वाट काढली असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.