गाडी लागते का?

(दृश्य: छोट्या रुग्णालयातली सकाळ. हातात सलाईन लावलेली एक बाई, उशाशी मुलगा.)

"ताई, तुम्हाला गाडी लागते का?"

ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं, दुर्बिणीतून. संध्याकाळी घरी जायचंय. आणि भूलतज्ज्ञ विचारतायत प्रवासाचं! ताई गोंधळतात. "हो, घाटात लागते. लिंबू हुंगत बसते मी."

या प्रश्नामागे मोजमाप आहे. भूलतज्ज्ञ ख्रिस्तियान आप्फेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जर्मनी आणि फिनलंडमधल्या रुग्णांवरून चार गोष्टी वेगळ्या काढल्या: रुग्ण बाई असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी भुलीनंतर उलटी झालेली असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणं. एकही नसेल, तर मळमळ-उलटीची शक्यता साधारण १० टक्के. चारही असतील, तर ८० च्या आसपास. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचे पहिले दोन गुण रुग्णालयात पाऊल ठेवतानाच जमा असतात. ताईंचे तीन झाले.

म्हणून आज भुलीचा वायू टाळून शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध. उलटीवरची दोन औषधं. जखमेपाशी बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे चौथी गोष्ट कमी लागेल.

(दृश्य: दुपार. ताई मुलाचा हात धरून चार पावलं टाकतात.)

भूल उतरली. आता टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी बसवलेली गुणपद्धत: नाडी-रक्तदाब, चालणं, मळमळ, दुखणं, रक्तस्राव. प्रत्येकी २ गुण. १० पैकी किमान ९ मिळाले आणि सोबत जबाबदार माणूस असला, की घरी सोडायचं.

बऱ्याच ठिकाणी मोजणं इथंच थांबतं. कुणी दगावलं का, अचानक भरती करावं लागलं का, हे नोंदवतात, आणि ते नोंदवलंच पाहिजे. पण त्यातून ताईंची रात्र कळत नाही. बधिरपणा ओसरतो तो घरी, मध्यरात्री, जेव्हा उशाशी नर्स नसते.

(दृश्य: ग्लासगोचं जुनं छायाचित्र.)

हे ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९०९ मध्ये त्यांनी ८,९८८ बालरुग्णांच्या ऑपरेशनांचा अहवाल मांडला. मुलं त्याच दिवशी आईच्या कुशीत घरी गेली होती, आणि परिचारिका त्यांच्या मागोमाग घरी जात होत्या. मला यातलं परिचारिकांचं हे घरी जाणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आज तिथं फोन पोचतो. ऑस्ट्रेलियातल्या पॉल माइल्स यांच्या गटाने २०१३ मध्ये रुग्ण ऑपरेशनमधून कितपत सावरला हे त्यालाच विचारणारी १५ प्रश्नांची मोजपट्टी दिली, एकूण गुण १५०. श्वास सहज येतो का, जेवण गोड लागलं का, झोप झाली का, आपलं आपण आवरता येतं का, काळजी वाटते का. प्रश्न साधे, पण उत्तर यंत्राकडून येत नाही, ते माणसालाच द्यावं लागतं.

(दृश्य: दुसरी सकाळ. परिचारिका फोनवर, समोर कालचा कागद.)

"ताई, झोप लागली का?"

"लागली हो. पण घाटात दोनदा उलटी झाली. टाके ओढल्यासारखे झाले."

ती लिहून घेते. कालच्या कागदावर मळमळीपुढे पूर्ण २ गुण आहेत.