चिंचेच्या झाडाखालची सभा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातल्या गाण्याच्या सभेबद्दल. उरुसाच्या दिवसांत, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ ही सभा भरते. दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली बैठक मांडतात. तिकीट नसतं. गाणाऱ्यानं यायचं ते हजेरी लावायला, आणि ऐकणाऱ्यानंही तसंच.

सांगली-मिरजेकडच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण जरा विचार करा. उत्तरेत कैराना गावी 1872 साली जन्मलेला एक गवई बडोदा, मुंबई, पुणे, म्हैसूर अशी गावं पालथी घालतो आणि शेवटी मिरजेचा होऊन राहतो. त्याला जाऊन इतका काळ लोटला, तरी गाव त्याच्यासाठी रात्र जागवतं. स्मारकं आपल्याकडे थोडी नाहीत. पुतळा उभा राहतो, चौकाला नाव मिळतं, जयंतीला हार पडतो. गवयाचं स्मारक मात्र गाण्याचंच हवं, असं माझं ठाम मत आहे.

हीच जागा का, त्याची एक आख्यायिका सांगतात. खाँसाहेब फार आजारी पडले, प्लेग झाला होता असंही म्हणतात. कुणीतरी सुचवलं, मीरासाहेबांपुढं जाऊन गा. ते त्या झाडाखाली बसून गायले आणि उठून हिंडू-फिरू लागले. यातलं खरं किती, हे शोधत बसायची मला गरज वाटत नाही. आपल्या भागात दर्ग्याची चौकट अशीच मोठी आहे. याच उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. तिथं गाण्याला जागा मिळाली, ती सगळ्यांच्याच हक्काची झाली.

खाँसाहेबांचा शेवट ऐकला की आजही गलबलून येतं. 1937 चा ऑक्टोबर महिना. मद्रासकडचे कार्यक्रम करून ते आगगाडीनं पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाचं लहानसं स्टेशन, तिथं त्यांना उतरवलं. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी तंबोरा लावून घेतला, दरबारी कानड्यात प्रार्थना म्हटली आणि तिथंच देह ठेवला. तारीख 27 ऑक्टोबर. एवढ्या लांबून त्यांना मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या परिसरातच दफन केलं. म्हणजे सभा भरते ती त्यांच्या कबरीच्या शेजारी. गाणाऱ्याच्या मनावर याचं दडपण येत असणारच.

त्यांचं गाणं ऐकायचं तर झिंझोटीतल्या आणि भैरवीतल्या ठुमऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही सहज मिळतात. तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं. आवाज बारीक, टोकदार, आणि सूर असा लागलेला की पुढचा सूर यायच्या आधीच डोळे भरतात. या सुराचा त्यांनी ध्यास घेतला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सप्तकातले बावीस बारीक सूर, म्हणजे श्रुती, नेमक्या कुठं लागतात याचा त्यांनी शोध मांडला, आणि 1910 साली त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. त्या खटाटोपात गळा होता खाँसाहेबांचा. एका बाजूला गणित मांडणारा सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला रियाजानं तयार झालेला गळा. असं काम आपल्या या मुलखात झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

म्हणूनच या सभेत मला सर्वांत प्रिय असते ती गाणं सुरू होण्याआधीची वेळ. तंबोरे लावले जातात ती. आधी खुंटी पिळून तार अदमासानं चढवायची. मग भोपळ्याकडचा मणका केसभर खाली-वर सरकवायचा. सूर जुळला तरी तो अजून बोलत नाही, नुसता वाजतो. मग तारेखालचा दोरा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, बोटानं जरासा पुढं, जरासा मागं. एका जागी तो बसला की तार एकदम उमलते, भुंग्यासारखी गुंजायला लागते. जवारी खुलली, म्हणतात ती हीच. पंचम, मग दोन जोडाच्या तारा, मग खर्ज. चारही तारा अशा बोलू लागल्या की त्यातून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. तोवर आवारातली कुजबुज आपोआप थांबलेली असते. कुणाला ‘शांत बसा’ म्हणावं लागत नाही.

आणि हे तंबोरे घरचेच असतात. पंढरपूर भागातले भोपळे मिरजेत येतात, वाळवून, कापून, तून लाकडाची दांडी जोडून त्यांचा तंबोरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही आज अनेक कार्यक्रमांत तंबोऱ्याच्या जागी मोबाइल ठेवलेला दिसतो. घरच्या रियाजाला ते यंत्र चालेल, प्रवासातही चालेल. पण ज्या गावात तंबोरा घडतो तिथल्या सभेत दोन खरे तंबोरे मागं असायलाच हवेत. ते लावता येणारी चार पोरं तयार होणं हेसुद्धा त्या सभेचंच काम आहे.

खाँसाहेबांचं गाणं पुढं किती लांब गेलं! मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मलेल्या. शिष्य सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल. गुरूच्या नावानं गाणं करायची ही रीतही सोबत गेली. 1953 साली पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, तिकडे कर्नाटकात कुंदगोळच्या वाड्यातही त्यांच्या नावानं रात्र जागू लागली. आणि पुण्याचा तो महोत्सव जगभर गाजवणारे भीमसेनजी मिरजेच्या झाडाखाली येऊन गायले ते हजेरी म्हणूनच.

आता तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळकडच्या श्रोत्यांना एक सांगायचं आहे. तुमच्याही गावात कुणीतरी गाणारं होऊन गेलेलं असेल. एकादशीला ज्यांच्या अभंगासाठी लोक थांबून राहायचे असे भजनीबुवा असतील, शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई असतील. त्यांच्या नावानं वर्षातून एक रात्र धरा. मोठा कलाकार मिळेपर्यंत थांबू नका, आणि तारीख ठरली की ती हलवू नका; दुसऱ्या वर्षी माणसं विचारत येतात ती तारखेमुळंच. सत्कार, शाली, नारळ शक्यतो टाळा, नाहीतर पाच मिनिटांत उरका. भाषणं लांबली की मागची बायका-मुलं उठून जातात आणि गवयासमोर रिकामी सतरंजी उरते. कर्णे लावून आवाज गावभर नेऊ नका. ज्याला ऐकायचंय तो येऊन बसेल. दानपेटी ठेवा, पण तिचा पुकारा करू नका.

आणि पहिली बैठक गावातल्याच एखाद्या शिकणाऱ्या मुलीला द्या. तिला पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तिची आई, शेजारीपाजारी, वर्गातल्या मैत्रिणी तिच्यासाठी म्हणून येतील, आणि त्यातल्या चार-दोघी पुढच्या गवयासाठी बसून राहतील.

नमस्कार.