दसऱ्याचा सोन्या: शाडूचा टीचभर ड्रॅगन

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला एकच झुंबड उडते. सोनं म्हणजे आपट्याची पानं. इथल्या, म्हणजे परदेशातल्या गोष्टींतला ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसतो आणि कुणाला हात लावू देत नाही. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी सुचवतोय तो ड्रॅगन, सोन्या, वर्षभर झोपतो आणि दसऱ्याला सोनं वाटायला उठतो. दसऱ्याच्या कथेतल्या कौत्स नावाच्या शिष्याने गुरुदक्षिणेपुरत्या १४ कोटी मोहरा घेतल्या आणि उरलेल्या मोहरा लोकांना वाटल्या, ही गोष्ट त्याची सगळ्यात आवडती.

आपट्याचं पान नीट बघा. दोन पाकळ्या, आणि देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा. हाच सोन्याचा पंख! मातीचे पातळ पंख वाळताना तडकतात आणि उचलताना हातात येतात, म्हणून पंख पानांचेच हवेत. पानं आधी चार-पाच दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवा. ताजी लावलीत तर सुकताना गुंडाळतात. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचन विकतात. त्याचं पान मोठं आणि मऊ, ते लवकर वाकडं होतं. परदेशात येताना झाडपाला सामानात टाकू नका, विमानतळावर अडवतात. गावाकडून पानाचा फोटो मागवा आणि जाड कागदावर तोच आकार कापा.

आता अंग. पाच इंची सोन्याला साधारण २०० ग्रॅम कोरडा शाडू पुरतो. चाळून घ्या, पाणी चमच्याचमच्याने घाला, रात्रभर ओल्या फडक्यात झाकून ठेवा. सकाळी चिमूटभर कापूस अगदी सुटा करून त्यात मळा. कोल्हापुरात गंगावेस, पापाची तिकटी, बापट कॅम्प इथल्या कुंभारांना विचारा, मळण्यात घाई केली की मूर्ती तडकते. बोटाला चिकटत नाही आणि वळी वाकवली तरी चिरत नाही, इतपत मऊ हवा.

पोट भरीव ठेवू नका. आत कागदाचा बोळा घालून भोवती अर्धा इंच माती सगळीकडे सारखी लावा. शेपटीत तार घालायचा मोह होतो. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, मग तारेच्या कडेने भेग पडते. तारेऐवजी काथ्याचा दोरा घाला. पाय आणि मान जोडताना दोन्ही बाजूंना काट्याने रेघा मारा आणि मध्ये शाडूचा दाट घोळ लावा. नुसतं दाबून चिकटवलेला पाय हमखास गळतो. फेटा बांधायचाच असेल तर कापडाचा, तोही माती वाळल्यावर. मातीच्या फेट्याने मान खचते.

माती निम्मी वाळली, नख जेमतेम रुततंय, की पाठीवर सुरीने दोन खाचा पाडा. पंख मात्र पूर्ण वाळल्यावर डिंकाने बसवा. ओल्या मातीत पान खोचलं की बुरशी धरते.

वाळवणं सावलीतच. ऊन किंवा हीटर लागला की वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि कातडं फाटतं. रोज कूस बदला. इथल्या दमट हवेत आठवडा सहज लागतो. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. बारीक भेग पडली तर ती ओली करून कापूस घातलेला घोळ भरा. वर खडूची पूड आणि डिंकाचा एक हात, मग पोस्टर रंग. अंग पिवळं करा, पंखांना रंग लावू नका, शिरा झाकतात.

दसऱ्याला पाटावर शस्त्रांशेजारी त्याला बसवा, पुढ्यात पानांचा ढीग ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला मुलांनी त्यातलंच एक पान द्यावं: ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’

दुसऱ्या दिवशी पंख काढून ठेवा आणि सोन्याला बादलीभर पाण्यात सोडा. भाजलेला नसल्यामुळे तो विरघळतो. तळाचा शाडू गाळून, वाळवून डब्यात भरा, पुढच्या दसऱ्याला त्याच मातीचा सोन्या करता येईल.