ब्राउझर ओरडतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

मध्यंतरी आत्याचा फोन आला. म्हणाली, "अरे, माझं इंटरनेट रुसलंय. काहीही उघडलं की लाल त्रिकोण येतो आणि म्हणतो, तुमची माहिती चोरली जाईल. कुणी हॅक केलंय का रे?" मी विचारलं, "मग तू काय करतेस?" "काय करणार? खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असं काहीतरी असतं, ते दाबते. दोन दिवस तेच चाललंय. आज बँकेचं उघडायला गेले, तर तिथे ते बटणच येईना."

मी जाऊन पाहिलं. लॅपटॉप वर्षभर कपाटात पडून होता. आतला बटणाएवढा सेल संपला होता आणि कोपऱ्यातलं घड्याळ कित्येक वर्षं मागे जाऊन १ जानेवारीवर थांबलं होतं. झालं होतं एवढंच.

आता घड्याळाचा आणि चोरीचा संबंध काय? संबंध असा, की आपण एखादी साइट उघडतो तेव्हा ती आपल्या ब्राउझरला, म्हणजे क्रोम-फायरफॉक्ससारख्या इंटरनेट उघडणाऱ्या प्रोग्रामला, एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर साइटचं नाव असतं, प्रमाणपत्र ज्या संस्थेने दिलं तिची सही असते आणि 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. आत्याचा लॅपटॉप जुन्या काळात अडकलेला. त्याच्या हिशेबाने समोरचं प्रत्येक प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. एखाद्याने पुढल्या दशकात काढलेला दाखला आज आणून दाखवला, तर कारकून जे करील तेच ब्राउझरने केलं. तुमचं घड्याळ मागे पडलंय, हेही त्याने त्या पानावर लिहिलं होतं. पण लाल त्रिकोण दिसल्यावर पुढचं कोण वाचतो?

बँकेच्या साइटवर बटण का नव्हतं, तेही सांगतो. २०१२ साली एक नियम ठरला. त्यानुसार साइट ब्राउझरला बजावून ठेवू शकते, की माझ्याकडे यायचं तर सुरक्षित वाटेनेच ये. वाटेत काही खोट दिसली तर मागे फिर, माणसाला विचारत बसू नकोस. त्या साइटवर 'तरीही पुढे जा' मिळत नाही. ही अडवणूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

आत्याचं घड्याळ लावलं, लाल त्रिकोण गेले. पण मला ते दोन दिवस टोचत राहिले. त्या दोन दिवसांत तिला पन्नासेक इशारे आले असतील आणि प्रत्येक वेळी पुढे गेल्यावर काहीही वाईट झालं नाही. म्हणजे ती नकळत एक धडा शिकली, की इशारे खोटे असतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. इथे मात्र ओरडणारा पोरगा खोडकर नव्हता, त्याचं घड्याळ चुकलं होतं.

आणि आत्या एकटी नाही. २०१३ साली क्रोम आणि फायरफॉक्समध्ये दिसलेल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्राचा इशारा आला तेव्हा क्रोममध्ये सुमारे ७० टक्के वेळा लोक तो ओलांडून पुढे गेले होते. फायरफॉक्समध्ये हे प्रमाण होतं ३३ टक्के. मग फायरफॉक्सवाले अधिक शहाणे? तसं नाही म्हणता येत. त्या काळी फायरफॉक्समध्ये पुढे जायला जास्त वेळा क्लिक करावं लागे, आणि एकदा दिलेली परवानगी तो लक्षात ठेवत असल्याने तोच इशारा पुन्हा येत नसे. क्रोम दरवेळी नव्याने विचारायचा. पण त्यातून एक गोष्ट कळते: इशारा कसा मांडलाय, त्यावर माणूस थांबतो की नाही हे पुष्कळ अवलंबून असतं. पुढे क्रोमने आपलं पान बदललं, पुढे जाण्याची वाट 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या आड ढकलली, आणि थांबणाऱ्यांची संख्या वाढली.

जाता जाता माझी एक तक्रार. एका कार्यालयाच्या साइटवर मला अर्ज भरायचा होता. तिथल्या सूचनांत पहिलंच वाक्य होतं: 'इशारा आल्यास अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जावे.' म्हणजे प्रमाणपत्राची मुदत वाढवायची नाही, आणि वर लोकांना कुंपण ओलांडायला शिकवायचं! प्रमाणपत्रं महाग होती तेव्हा एक वेळ समजून घेता आलं असतं. पण २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था ती फुकट देते आहे, आणि नूतनीकरण आपोआप होतं. आता उरतो तो फक्त आळस.

तर इशारा आला की त्यातला इंग्रजी मोठ्या अक्षरांतला कोड तेवढा वाचा. क्रोममध्ये त्यात 'डेट इनव्हॅलिड' असेल तर आधी स्वतःचं घड्याळ बघा. घड्याळ बरोबर असेल, तर साइटवाल्यांनी मुदत संपू दिली आहे. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' म्हणजे दाखला एकाच्या नावाचा आणि दारात दुसराच उभा. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' म्हणजे दाखल्यावर सही कुणाची ते ब्राउझरला ओळखू येत नाही. हा शेवटचा मला सगळ्यांत जास्त थांबवतो. तो कधी कधी निरुपद्रवी असतो, म्हणजे घरातल्या राउटरचं पान उघडलं तरी येतो. पण सार्वजनिक वायफायवर, ओळखीच्या साइटवर तो आला तर मी लॅपटॉप मिटतो. मध्ये कुणीतरी बसून दोन्हीकडची पत्रं उघडत असेल, तर तो नेमका असाच दिसतो.

लांडगा खरोखर आला होता, त्याचीही हकिगत ऐका. २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र तयार झालं. सही अस्सल कंपनीची, त्यामुळे बहुतेक ब्राउझर फसले. इराणमधल्या लोकांची ईमेल त्याच्या आधारे वाटेत वाचली जात होती. पण गूगलने स्वतःच्या साइटची खरी प्रमाणपत्रं कोणती, हे क्रोमच्या आतच लिहून ठेवलं होतं. त्यामुळे क्रोमने आरडाओरडा केला. इराणमधल्या एका माणसाने जीमेल उघडताना आलेला तो इशारा नुसता बाजूला सारला नाही, हे काय आहे म्हणून जाहीर विचारलं. प्रकरण फुटलं. ब्राउझरांनी त्या कंपनीवरचा विश्वास काढून घेतला आणि सप्टेंबर संपायच्या आत तिचं दिवाळं वाजलं.

दुसऱ्या जातीचा इशारा म्हणजे पूर्ण लाल पान: 'पुढची साइट फसवी आहे.' हा प्रमाणपत्राचा प्रश्न नाही. फसव्या साइटींची यादी ब्राउझरकडे सतत येत असते. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी गूगलची 'सेफ ब्राउझिंग' यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टची 'स्मार्टस्क्रीन'. लाल पान आलं की मागे फिरायचं. इथे घड्याळबिड्याळ बघत बसायचं नाही.

आणि तिसरी जात म्हणजे खोटा इशारा. अचानक पडदा भरून खिडकी येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या संगणकात व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. खरा ब्राउझर इशाऱ्यात फोन नंबर कधीच देत नाही. तो बोलत नाही, घड्याळाचे उलटे आकडे दाखवत नाही, पैसे मागत नाही. एस्केप दाबून धरा, टॅब बंद करा. नाहीच झाला तर मशीन बंद करून चालू करा. 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथून अपडेट करा' असं एखाद्या साइटने सांगितलं, तरी त्याच पठडीतलं समजा. ब्राउझर स्वतःला स्वतःच अपडेट करतो, परक्या पानावरून नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. कुलूप म्हणजे साइट भरवशाची, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत तुमचं पत्र कुणी वाचत नाही. ते ज्याच्या हाती पडतंय तो सज्जन आहे, असा नाही. भामटेही आता फुकट प्रमाणपत्र घेतात. म्हणून तर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपच काढून टाकलं. कुलपापेक्षा पत्ता वाचायला शिका. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिथे थांबा आणि तिथून उलटे मागे या. आपल्या नावात जसं आडनाव शेवटी, तसं इथलं घराणं शेवटच्या 'डॉट कॉम'च्या लगेच आधी असतं. पुढे बँकेचं नाव कितीही ठसठशीत असो, आडनाव भलतंच असेल तर माणूस तो नव्हे. आणि अक्षरं नीट बघा. घाईत 'ध'चा 'घ' वाचतो ना आपण? इंग्रजीतला मोठा 'आय' आणि छोटा 'एल' तसेच दिसतात.

बरं, मग ब्राउझर कोणता वापरायचा? हा प्रश्न मला सगळे विचारतात, आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते. नावं अनेक, पण आत इंजिनं मोजकीच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांच्या पोटात क्रोमियम. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं. सफारीचं वेबकिट. म्हणून मी नावाआधी तारीख बघतो: शेवटचं अपडेट कधी आलं? क्रोम ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला देतो, कारण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरांनाही कळतं. क्रोमियमवर बेतलेला एखादा छोटा ब्राउझर ती दुरुस्ती तीन आठवड्यांनी घेत असेल, तर तेवढे दिवस दार उघडं. अशा ब्राउझरने 'सर्वांत सुरक्षित' अशी कितीही जाहिरात केली तरी मी तो घेणार नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर तर २०२२ साली निवृत्त झाला. तो कुणाकडे अजून चालू असेल तर आजच सोडा.

माग काढणाऱ्यांपासून बचाव हा वेगळा विषय. त्यात सफारी आणि फायरफॉक्स क्रोमपेक्षा कडक आहेत, हे खरं. 'इन्कॉग्निटो', म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, मात्र मुख्यतः तुमच्या मशीनवरच्या खुणा पुसते.

मी स्वतः दोन ब्राउझर ठेवतो. एकात पैशांचे व्यवहार, त्यात एकही एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, नाही. दुसरा भटकायला. एक्स्टेंशन टाकताना 'सर्व साइट्सवरची माहिती वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतं, ती आपण चहाचा कप उचलावा तितक्या सहज देतो. त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे: तुम्ही टाइप केलेला पासवर्डसुद्धा. सेटिंग्जमध्ये 'नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा' किंवा फायरफॉक्समध्ये 'फक्त एचटीटीपीएस' हा पर्याय आहे, तो मी चालू केलाय. आणि मेसेजमधल्या लिंक मी त्याच अ‍ॅपच्या आतल्या खिडकीत उघडत नाही. तिथे अनेकदा पूर्ण पत्ताच दिसत नाही, मग आडनाव वाचणार कुठे?

आत्याचा परवा पुन्हा फोन. "अरे, परत लाल त्रिकोण. पण एकाच साइटवर. घड्याळ बरोबर आहे, मी बघितलं." "कोड काय आहे?" "डेट इनव्हॅलिड." म्हटलं, "म्हणजे या वेळी घड्याळ तुझं नाही, त्यांचं चुकलंय." "मग पुढे जाऊ?" "नको." "नाहीच गेले," ती म्हणाली, "त्यांना फोन लावलाय, उचलत नाहीत."

या भाषणानंतर इथे वेळ सांगतील. कपाटातला लॅपटॉप काढायचा असेल, तर तेवढ्यात घड्याळ लावून घ्या. नमस्कार.