कोरडा पास्ता, ओला पास्ता

श्रोतेहो, नमस्कार. कोरड्या पास्त्याने भरलेला एक पसरट ट्रे लहान मुलापुढे ठेवावा, स्वतः जवळ बसावे आणि काही न सांगता पाहत राहावे. मूल आधी दोन्ही हात घालून ढवळते, त्या खळखळाटाने थबकते, पुन्हा ढवळते, मग एक नळी उचलून डोळ्याला लावते आणि लगेच तिच्यात बोट घालून पाहते. आज मी ज्या खेळांविषयी बोलणार आहे, ते सगळे या पहिल्या दोन मिनिटांतच दडलेले असतात.

पास्त्याचे आकारच मुळी खेळाला बोलावणारे आहेत. इटालियन भाषेत ‘पेने’ म्हणजे लेखण्या, ‘फारफाल्ले’ म्हणजे फुलपाखरे, ‘कोन्किल्ये’ म्हणजे शिंपले. आणि ‘स्पॅगेटी’ हे नाव सुतळीवरून आलेले आहे. ही नावे मुलांना जरूर सांगावीत. त्यानंतर मुले डब्यातून फुलपाखरे वेगळी काढतात, शिंपल्यांचा ढीग करतात आणि वर्गीकरणाचा धडा कोणी न देताच पुरा होतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ओवण्याचा खेळ. दोऱ्याचे टोक मऊ असते, ते वळते आणि मूल कंटाळते. म्हणून बुटाची नाडी घ्यावी, किंवा दोऱ्याच्या टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, आणि दुसऱ्या टोकाला एक नळी बांधून टाकावी, म्हणजे ओवलेले सारे घरंगळून जाणार नाही. आता मुलाच्या हातांकडे पाहा. एक हात नळी स्थिर धरतो, दुसऱ्या हाताची चिमूट नाडी आत सारते, आणि टोक पलीकडे दिसताच सारलेली बाजू सोडून नेमके तेच टोक पकडावे लागते. ही हातांची अदलाबदल मुलासाठी फार अवघड असते. नाडी तीनदा मागे निसटते, चौथ्यांदा जमते. त्या वेळी पुढे होऊन आपण ती ओढून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नाडी अजिबातच जमत नसेल, तर मातीच्या गोळ्यात स्पॅगेटीची एक काडी उभी खोचावी आणि तिच्यावर नळ्या चढवू द्याव्यात. काडीवर जोर पडला की ती मोडते, त्यामुळे हात आपोआप हलका होतो.

माळ रंगीत हवी असेल, तर दोन वाट्या कोरडा पास्ता, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि खाद्यरंगाचे काही थेंब घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मुलाला डबा मनसोक्त हलवू द्यावा. पाणी मात्र घालू नये, कारण पाण्याने पास्ता मऊ पडून चिकटतो. नंतर तो कागदावर सुटा पसरून रात्रभर वाळवावा. नीट वाळला की रंग हाताला लागत नाही, आणि कोरड्या बरणीत ठेवला तर तोच पास्ता महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा खेळता येतो. अन्न खेळण्यात घालवायचे का, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून मुदत उलटलेला पास्ता मी या कामासाठी राखून ठेवते.

पुठ्ठ्यावर डिंकाने चित्र चिकटवणे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मला ठसे आवडतात: मऊ मातीवर पेने उभी दाबली की गोल कडे उमटते, पीळदार फुसिली लाटली की तिरप्या रेघा उमटतात.

शिजवलेली स्पॅगेटी हा अगदी निराळा अनुभव आहे. ती थंड करून थोडे तेल चोळावे, म्हणजे गोळा होत नाही. गार, बुळबुळीत, हातातून निसटणारी ती लांबलचक दोरी काही मुलांना नकोशी वाटते; त्यांना आग्रह न करता चिमटा किंवा चमचा द्यावा. मुलांच्या बोथट कात्रीने ती कापणेही सोपे असते. मात्र ती जमिनीवर सांडली की पाय घसरतो, आणि खेळून झाल्यावर ती त्याच दिवशी टाकून द्यावी.

तीन वर्षांखालील मुलांच्या घशात कोरडे तुकडे अडकू शकतात, म्हणून त्यांना ते देऊ नयेत; आणि कोणत्याही लहान मुलाला या खेळात एकटे सोडू नये, कारण माळही गळ्याभोवती आवळू शकते. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या मुलांसाठी तांदळाचा किंवा मक्याचा ग्लुटेनमुक्त पास्ता घ्यावा, कारण खेळता खेळता हात तोंडात जातोच.

मोठ्या मुलांसाठी एक कोडे. कोरड्या स्पॅगेटीची काडी दोन्ही टोकांना धरून सावकाश वाकवायची आणि तुकडे मोजायचे. दोन व्हायला हवेत, पण बहुधा तीन किंवा अधिक होतात. याचा उलगडा दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००५ साली केला: पहिल्या मोडीनंतर उरलेली काडी झटक्याने सरळ होऊ पाहते, त्या झटक्याची लाट तिच्यातून धावते आणि वाटेत तिला आणखी वाकवून पुन्हा मोडते. २०१८ साली असेही दिसून आले, की काडी आधी पुरेशी पिळून मग हळूहळू वाकवली, तर तिचे दोनच तुकडे होतात. त्यासाठी संशोधकांना यंत्र लागले होते, कारण नुसत्या बोटांनी तेवढा पीळ देणे फार कठीण आहे. तरी मुलांना प्रयत्न करू द्या, आणि बारीक तुकडे उडतात म्हणून चेहरा जरा दूर ठेवायला सांगा. नमस्कार.